काठानं निवणारे कोंडिभाऊ

ओळखदेख नसताना समोरच्याच्या नाकावरचा चष्मा उतरवून घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते कोंडिभाऊ. मी नोकरीच्या मुलाखतीला आलो होतो. हातात सर्टिफिकेटांची फाइल आणि अंगात पुण्याहून आणलेला ताठा. दारात टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. "कुठलं पावणं?" म्हणून त्यांनी विचारलं, उत्तराची वाट न बघता माझा चष्मा काढला, काचेवर 'हाऽ' केलं, वाफ उडेपर्यंत निरखून पाहिलं आणि चष्मा परत नाकावर ठेवला. म्हणाले, "उजव्या काचंला चरा हाय. वाचताना डोकं दुखत आसंल." दुखत होतं. मी ते कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

जागा म्हणजे बटाट्याचं जुनं कोल्ड स्टोरेज. मंचरहून अवसरीकडे जाताना, रस्त्यापासून जरा आत. आमच्या मॅडम मूळच्या जुन्नरच्या. परदेशात शिकून, तिथं हिऱ्याच्या खिडक्यांवर काम करून त्या परत आल्या आणि हे शीतगृह त्यांनी भाड्यानं घेतलं, कारण भिंती जाड होत्या, आतलं तापमान हलत नव्हतं आणि विजेची मोठी लाइन आयती होती. बटाट्याचा वास मात्र गेला नाही. आम्ही आत पांढरे कोट घालून, डोक्याला टोप्या लावून हिऱ्याला हात घालायचो आणि बाहेरून येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, आज डब्यात बटाट्याची भाजी का?

खिडकी म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो. लग्नाकार्यांत इतक्यांदा सांगावं लागलंय की आता पाठ झालंय. सूर्यात जे घडतं ते जमिनीवर घडवायचा खटाटोप जगभर चालू आहे. त्यासाठी थोडासा वायू कोट्यवधी अंश तापवायचा असतो. चूल पेटवून ते होत नाही, त्यात सूक्ष्मलहरींचा झोत सोडावा लागतो. घरी डाळ गरम करायचा मायक्रोवेव्ह असतो, त्याचा पणजोबा म्हणावा अशी एक उंच नळी असते, तिचं नाव जायरोट्रॉन. नळीच्या आत निर्वात. लहरी बाहेर आल्या पाहिजेत, पण बाहेरची हवा आत जाता कामा नये. म्हणून तिला खिडकी. पाच हॉर्सपॉवरच्या दोन-अडीचशे मोटारी चालतील एवढी शक्ती तिच्यातून जाते आणि खिडकी असते पुरीएवढी. काच लावली तर तडकते. हिरा टिकतो, कारण तो लहरींना जवळजवळ अडवतच नाही, आणि जी किंचित ऊब त्यात राहते ती तो लगेच काठाकडे पोचवतो. काठाला तांब्याची कॉलर आणि कॉलरभोवती फिरतं पाणी. हिरा खाणीतला नव्हे. वायूतून, यंत्रात, आठवडेच्या आठवडे वाढवलेली चकती. ती आमच्याकडे बाहेरून यायची. तिला कॉलर जोडायची, जोड गळत नाही हे बघायचं आणि लहरी तिच्यात किती मुरतात ते मोजायचं, एवढं आमचं काम. मोजणारा मी. जोडणारे आणि गळती शोधणारे कोंडिभाऊ.

माझं वरचं सगळं व्याख्यान त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं. "मधनं जाऊ द्यायचं, काठानं निवायचं." हे ते खिडकीबद्दल म्हणत आणि इतर कशाहीबद्दल म्हणत.

घराणं मेंढपाळाचं. वडिलांनी मेंढरांमागं मुलूख पालथा घातलेला. कोंडिभाऊंनी तरुणपणी डेअरीच्या दुधाच्या टाक्या वेल्डिंग केल्या, मग या शीतगृहात अमोनियाच्या पाइपांची गळती शोधायला लागले. नुसत्या नाकानं. बटाटे गेले, मॅडम आल्या, आणि दारं-खिडक्यांबरोबर कोंडिभाऊ मॅडमच्या ताब्यात आले. त्यांची डिग्री विचारली की ते नाकाकडे बोट दाखवत.

चकती मिथेन वायूतून वाढते, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, जरा भाव खाऊनच. त्यांनी विचारलं, मिथेन म्हणजे गोबरगॅसमध्ये असतो तोच का? म्हटलं, तोच. ते म्हणाले, "म्हंजी हिरा आमच्या शेणातबी व्हता म्हणा की. आमी घाई केली. च्या करून प्यालो."

मंचरच्या एका सराफानं एकदा तुटकी चकती बघायला मागितली होती. भिंग लावून उलटसुलट पाहिली आणि 'चमक नाही' म्हणून परत दिली. हिरा या शब्दाचं आमच्या परिसरातलं सगळं कौतुक त्या दिवशी संपलं, आणि ते बरंच झालं. तुटक्या चकतीचा एक तुकडा मॅडमनी कोंडिभाऊंना शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी दिला होता. तो खिशात घेऊन ते एका लग्नाला गेले. सरबतासाठी बर्फाची लादी आली होती. कोंडिभाऊंनी तुकडा दोन बोटांत धरला आणि लादीत खुपसला. चाकू लोण्यात जावा तसा तो खाली गेला. हाताची ऊब हिऱ्यातून थेट बर्फात उतरते, त्याची ही गंमत. मांडव गोळा झाला. कोंडिभाऊंनी लादीचे सरळ दोन भाग केले आणि सगळ्यांकडे पाहिलं. नवरीचे मामा म्हणाले, "भारी हाय. पर हातोडीनं जरा लवकर झालं असतं." कोंडिभाऊंनी मान डोलावली, तुकडा पुसून खिशात ठेवला आणि उरलेला बर्फ हातोडीनं फोडून दिला.

गळतीबाबत मात्र त्यांच्यासमोर कुणाचं चालत नसे. गळती शोधायचं आमचं यंत्र हेलियमवर चालतं. खिडकीच्या एका बाजूला निर्वात करायचं, बाहेरून जोडावर हेलियमची बारीक फुंकर मारायची. कुठं केसाएवढं छिद्र असलं तरी हेलियम आत शिरतो आणि यंत्र बोंब मारतं. एके दिवशी ते हेलियम न सोडताच सकाळपासून बोंब मारत होतं. मी तीन जोड उघडले, परत बसवले, दोन माणसांवर ओरडलो आणि दुपारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात कोंडिभाऊ बाजूच्या खोलीतून फुग्यांचा भलामोठा झुबका घेऊन आले. ड्रायव्हरनं मुलीच्या वाढदिवसासाठी कालच आणून ठेवले होते. आत हेलियम भरलेला.

"मशिन खरं बोलतंय, सर," ते म्हणाले. "गळतंयच. पर आपलं न्हाई, फुगं गळत्यात."

फुगे आवाराबाहेर गेले आणि यंत्र गप्प झालं. तेव्हापासून कुणी कुणाची कागाळी घेऊन आला की कोंडिभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, फुगं कुठं हायेत ते बघितलं का?

आता माझ्या ओरडण्याबद्दल. माझं डोकं लवकर तापतं. याआधीच्या दोन नोकऱ्या मी त्यापायीच घालवल्या होत्या. इथंही दोनदा राजीनामा लिहिला. दोन्ही वेळा मॅडम नेमक्या बाहेर होत्या आणि कोंडिभाऊ म्हणाले, द्या माझ्याकडं, मी पोचवतो. दोन दिवसांनी माझंच डोकं निवलं, आणि मॅडम काही बोलल्या नाहीत म्हणून मीही बोललो नाही. पुढं कधीतरी टेबल झाडताना कळलं. माझ्या मोजणीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली घड्या घालून ठेवलेला कागद म्हणजे माझा पहिला राजीनामा, आणि त्याच्यावर दुसरा. टेबल अगदी समपातळीत होतं. मी कागद परत होते तसे घातले.

त्यांच्या स्वतःच्या रागाचं काय, असं मी त्यांच्या बायकोला, साळूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तीस वर्षं झाली, धड एक भांडण करू दिलं नाही या माणसानं. मी बोलायला लागले की हा ऐकतो, ऐकतो आणि मग उठून मेंढरांना पाणी पाजायला जातो. चुलत्याशी बांधावरून तंटा झाला तेव्हाही तेच. चुलत्यानं तासभर शिव्या घातल्या. कोंडिभाऊ बांधावर बसून ऐकत होते. चुलता दमला तेव्हा त्यालाच पाणी नेऊन दिलं.

सरकारचं आणि त्यांचं मात्र जमत नव्हतं. कारण अंगठा. वेल्डिंग, पॉलिशपेपर, तांबं घासणं, आम्लं आणि साबण यांत बोटांच्या रेघा कधीच झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशिनवर अंगठा ठेवला की मशिन 'नाही' म्हणे. ते हात धुऊन येत, अंगठा केसांवर घासत, त्यावर हाऽ करत, परत ठेवत. नाही. रांग ताटकळे. दुकानदार घरचाच, तो म्हणे, "भाऊ, तुमी हायेत ह्ये मला दिसतंय. पर मशिनला पटंना." आमच्याकडंही मॅडमनी हजेरीचं मशिन लावलं, तर तिथं तीच रड. मशिनच्या मते कोंडिभाऊ सहा वर्षं गैरहजर होते. शेवटी मॅडमनी एक वही केली आणि त्यात रोज सकाळी स्वतःच्या हातानं 'भाऊ हजर' असं लिहायला सुरुवात केली.

दोघांमध्ये फक्त एका गोष्टीवरून वाद होता. वाफेवरून. हिऱ्यावर तोंडाची वाफ टिकत नाही, दिसते न दिसते तोच उडते. काचेवर ती रेंगाळते. कोंडिभाऊंचा या परीक्षेवर माझ्या सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त विश्वास होता. पण स्वच्छ खोलीत, धुतलेल्या चकतीवर तोंडाची वाफ, या कल्पनेनंच मॅडमच्या अंगावर काटा यायचा. त्यांनी पाटीच लावली होती: 'चकतीपासून तोंड दोन हात लांब.' नाव लिहिलेलं नव्हतं, पण पाटी बरोबर कोंडिभाऊंच्या उंचीवर होती.

त्या वर्षी नवरात्रात आमची सगळ्यांचीच झोप उडाली होती. आधीच्या खिडक्यांचा शेवटचा जोड बाहेर व्हायचा; आम्ही पूर्णपणे इथं जोडलेली ही पहिली खिडकी तयार होती. ती परराज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जायरोट्रॉनला लावून पूर्ण शक्तीचा झोत तिच्यातून सोडणार होते. टिकली तर पुढची तीन वर्षं काम. तडकली तर शीतगृह परत बटाट्याचं, हे मॅडमनी आम्हा बाराही जणांना समोर बसवून सांगितलं होतं. एक व्यापारी आवार बघून गेलाच होता.

आणि खिडकीबरोबर मॅडम कोंडिभाऊंना नेणार होत्या. सहा वर्षं या माणसानं खिडक्या जोडल्या होत्या, पण झोत जाताना एकही पाहिली नव्हती. त्यासाठी त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. ते फक्त घरात घालून बघत, बाहेर नेत नसत. साळूबाईंनी तिथल्या लोकांसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा घाट घातला होता. एकदा चहा घेताना कोंडिभाऊ मला म्हणाले, "बापानं मेंढरं घेऊन सगळा घाट बघितला, सर. मी आपली एक खिडकी बघणार. पर ती सूर्याची."

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा व्हायची. बटाट्याचा क्रेट पालथा घालून त्यावर नट-बोल्टचे पाने, वेल्डिंगचा टॉर्च, पंपाला झेंडूची माळ, माझा कॅल्क्युलेटरसुद्धा. खिडकीला मात्र हळदकुंकू नाही. तिच्या रिकाम्या लाकडी पेटीला बोट लावायचं, असा कोंडिभाऊंचाच दंडक, कारण कुंकवाचा एक कण झोताच्या वाटेत आला तरी तिथं ऊब साचते आणि चकती तडकते. मी दरवर्षी खिशात हात घालून बाजूला उभा राहायचो आणि नारळ फुटला की दोन शब्द विज्ञानाबद्दल बोलायचो. सगळे ऐकून घेत, कारण तोवर प्रसाद वाटून व्हायचा असे.

त्या दिवशी सकाळी तो व्यापारी टेप घेऊन आला आणि माझ्या टेबलाच्या जागेचं माप घेऊन गेला. नारळ फुटण्याआधी मी पूजेच्या ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि कुणाचं लक्ष नाही बघून आत गेलो. कोट घातला, हातमोजे घातले आणि एक मोजा परत काढला. मोजे घालून देवाचं कसं करणार? तांब्याच्या कॉलरला, अगदी खाली, जिथून लहर जातच नाही तिथं, टिकलीएवढं कुंकू लावलं. विज्ञानाला धक्का नाही, देवही नाराज नाही. आणि मग माझ्या हातानं मला न विचारता एक गोष्ट केली. चुकून पाय लागला की आपण पुस्तकाला करतो ना, तसं बोट चकतीला लावून छातीला लावलं. जन्मभराची सवय, माझ्या ध्यानातही राहिलं नाही. कॉलरवरचं कुंकू फडक्यानं पुसून टाकलं, बोट पुसलं आणि बाहेर येऊन विज्ञानाबद्दल दोन शब्द बोललो.

दसऱ्यानंतर शेवटची मोजणी केली, तर आकडा बिघडलेला. लहर चकतीत मुरत होती. पेटी आठवड्यानं निघणार होती. पहिल्या दिवशी मी उपकरणाला दोष दिला, दुसऱ्या दिवशी विजेला, तिसऱ्या दिवशी कॉलरच्या जोडाला, म्हणजे कोंडिभाऊंना. तेही तोंडावर. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाटीखाली उभं राहून तोंडावरचा मास्क खाली केला आणि चकतीवर हाऽ केलं.

वाफ नेहमीसारखी उडाली. एका जागी, मध्यापासून जरा बाजूला, ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबली. त्यांनी बॅटरी तिरपी धरली. मी वाकलो. फिकट तांबूस ठसा होता, बारीक गोल गोल रेघांचा, आणि त्या रेघा तोडत गेलेला एक आडवा चरा. लहानपणी गवत कापताना माझ्या तर्जनीवर विळा बसला होता, त्याचा तो वण. त्यांनी ठशाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला.

तेवढ्यात मॅडम आल्या. ठसा त्यांनीही पाहिला. कुणाचा, म्हणून विचारलं.

"माझं बोट लागलं, ताई," कोंडिभाऊ म्हणाले. "पूजेच्या दिवशी."

"भाऊ, तुमचं?"

"माझंच."

मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं आणि त्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, स्वच्छ केल्यावर आकडा सुधारेल.

दीड दिवस लागला. चकती टप्प्याटप्प्यानं पुसून, धुऊन, खास दिव्याखाली ठेवून साफ झाली. आकडा सुधारला. निघायच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की कोंडिभाऊंच्या जागी मी जाणार. मी काही बोललो नाही. बारा तोंडं माझ्याकडे बघत होती आणि मला माझी नोकरी दिसत होती. याला भित्रेपणा म्हणतात. तेव्हा मी त्याला योग्य वेळेची वाट बघणं म्हणत होतो.

सकाळी जीप निघताना कोंडिभाऊ आले, पायात रोजच्या वहाणा. लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तिथल्या लोकांना द्या. आन सर, किती तापली तेवढं बघून ठेवा." पेटीचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून पाहिले. माझ्याकडं एकदाही वाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

झोत पाहिला. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. नळी एका भिंतीपलीकडं, आम्ही दुसऱ्या भिंतीअलीकडं, मधे एक पडदा आणि त्यावर आकडे. घरघर झाली, काही मिनिटं चालली आणि थांबली. खिडकी शाबूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लाडू वाटले गेले, सगळ्यांनी वाखाणले. मी माझा लाडू परत डब्यात ठेवला. सूर्याची खिडकी बघायला सहा वर्षं थांबलेला माणूस अवसरीच्या रस्त्याला कुठला तरी जोड तपासत बसला होता आणि त्याच्या जागेवर मी बसलो होतो.

परत येताना आळेफाट्याला चहाला थांबलो. मी कपाकडं बघत मॅडमना सगळं सांगून टाकलं. कुंकू, मोजा, बोट, खिसा. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

"मला माहीत होतं, सर," त्या म्हणाल्या. "भाऊंच्या बोटाला रेघा आहेत कुठे? रोज सकाळी त्यांची हजेरी मी लिहिते."

मी विचारलं, मग त्यांना नेलं का नाही?

"त्यांना मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही तिथेच उभे होता. मग चार दिवस तुमची वाट पाहिली. आता पुढच्या खिडकीला तुम्ही येणार नाही."

मंचरला जीपमधून उतरलो तो तसाच कोंडिभाऊंच्या घरी गेलो. अंगणात ते मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"आधी किती तापली ते सांगा."

मी आकडा सांगितला. मधे एवढी, काठाला एवढी, पाण्याला एवढी. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला आणि समाधानानं मान हलवली. मग मी म्हटलं, बोट माझं होतं. ते म्हणाले, "ठावं हाय की. मेंढरू कुणाचं ते खुरावरनं वळखतो आमी, बोटाचं काय घेऊन बसलाय."

"मग तुम्ही का अंगावर घेतलंत?"

त्यांनी काटा काढला, मेंढीला सोडलं. "तुमी लई तापला असता, सर. तिथल्या तिथं राजीनामा लिवला असता. टेबलाला तिसऱ्या कागदाची गरज नव्हती." मग म्हणाले, "आन माझ्यातनं ग्येलं, काय राह्यलं न्हाई." मला रडू आलं. ते उठून मेंढरांना पाणी पाजायला गेले.

पुढची खिडकी उन्हाळ्यात तयार झाली. या वेळी कोंडिभाऊ गेले. तिथून येऊन मला म्हणाले, बघण्यासारखं काय बी न्हाई, सर, लई बेस व्हतं. त्यानंतर वर्षभरात गुडघ्यांनी त्रास दिला म्हणून त्यांनी काम सोडलं. आता ते मेंढरं राखतात आणि गळती शोधायला लोक त्यांना घरून घेऊन जातात. पण मला ते आठवतात ते त्या उन्हाळ्यात निघायच्या दिवशीचे.

जीप निघून गेल्यावर साळूबाईंनी पुन्हा केलेल्या लाडवांचा डबा माझ्या टेबलावरच राहिल्याचं दिसलं. मी मोटारसायकल काढली. मंचरला हायवेवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग, जीप त्यात अडकलेली. मागच्या सीटवर कोंडिभाऊ, पायात पांढरे बूट, मांडीवर पेटी आणि पेटीसकट स्वतःला बांधलेला पट्टा. पेटीला ऊन-वारा नको म्हणून काच खाली करायची नाही, एसी बंद करायचा नाही, असा मॅडमचा हुकूम. डबा मी पुढून ड्रायव्हरकडं दिला आणि मागच्या काचेपाशी आलो. बोललो असतो तरी हॉर्नच्या कलकलाटात आत ऐकू गेलं नसतं. कोंडिभाऊंनी माझ्याकडं पाहिलं, पुढं वाकून काचेवर हाऽ केलं आणि त्या वाफेवर आपला अंगठा टेकवला, जसा मशिनवर टेकवतात तसा. ट्रॅक्टर हलला, जीप हळूहळू सरकू लागली.

साधी काच होती, वाफ बराच वेळ टिकली. तिच्या मधोमध अंगठ्याएवढी स्वच्छ जागा होती, आणि त्या जागेत एकसुद्धा रेघ नव्हती.